त्रेचाळीस ज्येष्ठ आणि एक मोठी बस : पुणे–गणपतीपुळे–कोल्हापूर सहलीच्या गाडीभाड्याचे प्रकरण

जानेवारी 2025 मध्ये पुण्यातील आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने गणपतीपुळे, पावस आणि कोल्हापूर अशी चार दिवसांची सहल काढली. सहभागी 43 होते, त्यांतील निम्म्याहून अधिक सत्तरीच्या पुढचे, आणि दोघांचे गुडघे नुकतेच बदललेले. संघाचा कार्यवाह या नात्याने गाडी ठरवण्यापासून शेवटचे बिल चुकते करण्यापर्यंतचा व्यवहार माझ्याकडे होता. सहल पार पडली, कोणाला इजा झाली नाही. तरीही निघण्याच्या सकाळी चार तासांचा खोळंबा झाला, आणि त्यामुळे गाडी ठरवताना केलेल्या प्रत्येक बारीकसारीक नोंदीची परीक्षा झाली. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवत आहे.

पहिला प्रश्न गाडीच्या आकाराचा होता. पुशबॅक खुर्च्यांच्या ज्या 45 आसनी गाडीचा विचार आम्ही करत होतो, तिच्यात दोन-दोन खुर्च्यांच्या दहा रांगा आणि शेवटी सलग पाच खुर्च्यांची एक रांग असते. ही शेवटची रांग मागच्या चाकांच्याही मागे येते, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिथे दुप्पट जाणवतो. पाठीचा त्रास असलेल्या माणसाला तिथे बसवणे म्हणजे त्याची सहल पहिल्याच दिवशी संपवणे होय. म्हणून आमच्या दृष्टीने ती गाडी 40 आसनांचीच होती आणि तीन माणसे जास्त होती. 27 आसनी दोन मिनीबस घ्याव्यात, असा पर्याय एका सभासदाने मांडला. त्यात तथ्य होते, कारण कोकणातल्या अरुंद रस्त्यांवर लहान गाडी सुखाने वळते आणि एक गाडी बंद पडली तरी दुसरी हाताशी असते. परंतु दोन चालकांचा खर्च आणि दोन गाड्यांचा एकूण दर जमेस धरता तो पर्याय महाग पडत होता. शिवाय एकत्र जाण्यासाठीच तर सहल होती. अखेर एकच मोठी गाडी घ्यायची, आणि शेवटच्या रांगेत साठीच्या आसपासच्या सभासदांनी आळीपाळीने बसायचे, असे ठरले. त्या तिघांची नावे रोजच्या रोज फलकावर लावावी लागली, हे इथे नमूद करतो. ज्येष्ठांच्या सहलीत खिडकीच्या जागेवरून होणारे वाद शाळेच्या सहलीपेक्षा कमी नसतात.

एसटीचा प्रासंगिक करार करावा, अशीही सूचना आली. महामंडळाची गाडी लग्नकार्यासाठी, सहलीसाठी अशी अख्खी भाड्याने मिळते, ही सोय अनेकांना ठाऊक नसते. वाटेत बिघाड झाला तर जवळच्या आगारातून मदत मिळण्याची शक्यता असते आणि चालकाच्या कामाच्या तासांवर कोणाचे तरी लक्ष असते, या तिच्या दोन मोठ्या जमेच्या बाजू आहेत. आमच्याकडील 75 वर्षांवरील सभासदांना मात्र आपला प्रवास त्यातही मोफत होईल असे वाटत होते. तिकिटावरची सवलत अख्ख्या गाडीच्या कराराला लागत नाही, हे त्यांना समजावताना एक बैठक खर्ची पडली. हव्या त्या तारखांना आरामखुर्च्यांची गाडी नक्की मिळेल असे आश्वासन न मिळाल्याने आम्ही खासगी वाहतूकदाराकडे वळलो. संघात गुडघेदुखी इतकी सर्वत्र नसती, तर मी एसटीचाच आग्रह धरला असता.

दरपत्रके मागवण्यापूर्वी आम्ही रस्ता किलोमीटरनिशी कागदावर मांडला. जाताना सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि पुढे निवळीवरून गणपतीपुळे, असे सुमारे 335 किलोमीटर. दुसऱ्या दिवशी रत्नागिरी व पावस करून परत, सुमारे 130. तिसऱ्या दिवशी साखरपा आणि आंबा घाट चढून मलकापूरमार्गे कोल्हापूर, गावातल्या फिरण्यासह 155. चौथ्या दिवशी कोल्हापूर ते पुणे, 240. वाहतूकदाराच्या गॅरेजपासून आमच्यापर्यंत आणि परत, असे आणखी 40 धरले तर एकंदर 900 किलोमीटर होत होते.

खरी गोम या आकड्यात आहे. बाहेरगावच्या भाड्यात वाहतूकदार दररोज किमान किलोमीटर धरतात. गाडी कमी फिरली तरी त्या किमान अंतराचे पैसे द्यावेच लागतात. पहिल्या वाहतूकदाराचा दर किलोमीटरला 58 रुपये होता आणि किमान अंतर दिवसाला 300 किलोमीटर. म्हणजे चार दिवसांचे 1,200 किलोमीटर, अर्थात 69,600 रुपये. त्यावर चालकाचा भत्ता दिवसाला 800 आणि क्लीनरचा 400, म्हणजे आणखी 4,800. दुसऱ्याचा दर 66 रुपये होता, पण किमान अंतर 250 किलोमीटर आणि दोघांचा भत्ता दरातच धरलेला, म्हणून एकूण 66,000 रुपये. दोघांवरही पाच टक्के जीएसटी, आणि टोल व पार्किंगचे आम्ही अंदाजे 3,500 रुपये धरले. पहिल्याचा खर्च 81,620 वर गेला आणि दुसऱ्याचा 72,800 वर थांबला. किलोमीटरला आठ रुपये महाग असलेली गाडी अशा रीतीने 8,820 रुपयांनी स्वस्त पडली. तिसऱ्याने सगळे मिळून उक्ते 80,000 सांगितले होते. त्यात हिशेबाची कटकट नव्हती, पण ‘सगळे’ या शब्दात नेमके काय काय येते, हे लिहून द्यायला तो तयार झाला नाही.

हीच सहल तीन दिवसांत बसवली असती, तर पहिल्या वाहतूकदाराच्या हिशेबाने 900 किलोमीटर आणि किमान अंतर यांचा मेळ बरोबर बसला असता. समितीतील एका सदस्याने तसे सुचवलेही होते. परंतु त्यात शेवटच्या दिवशी गणपतीपुळ्याहून आंबा घाट चढून, कोल्हापुरात दर्शन घेऊन, रात्रीच पुण्याला पोचायचे, म्हणजे जवळजवळ 390 किलोमीटरचा प्रवास होता. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 प्रमाणे चालकाचे काम साधारणपणे दिवसाला आठ तासांचे असावे आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असावी, अशी तरतूद तेव्हा होती. ती प्रत्यक्षात किती पाळली जात होती हे आपण सगळेच जाणतो. तथापि, प्रवाशांनीच असा कार्यक्रम आखायचा की तो पाळणे अशक्य व्हावे, आणि मग चालकाच्या डुलकीला दोष द्यायचा, हे मला पटत नाही. चौथ्या दिवसाचे पैसे आम्ही समजून उमजून मोजले.

दुसऱ्या वाहतूकदाराशी बोलणी पक्की करताना आम्ही गाडीचा केवळ प्रकार लिहून घेतला नाही, तर नंबर लिहून घेतला. ‘45 आसनी एसी पुशबॅक’ एवढेच लिहिले, तर त्या वर्णनात बसणारी कोणतीही गाडी, कोणत्याही अवस्थेत, दारात उभी राहू शकते. नंबर हाती आला की परिवहन खात्याच्या एमपरिवहन ॲपवर गाडीची नोंदणी, योग्यता प्रमाणपत्राची म्हणजे फिटनेसची मुदत, विमा, पीयूसी आणि परवाना घरबसल्या पाहता येतो. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्यापुढच्या गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. गाडीच्या व्यवहारातले लोक त्याला ‘पासिंग’ म्हणतात. आम्ही पाहिलेली गाडी तीन वर्षांची होती आणि तिचे सर्व कागद मुदतीत होते. तिच्याजवळ अखिल भारतीय पर्यटक परवानाही होता. आमचा मार्ग महाराष्ट्राबाहेर जात नसल्याने त्याची गरज नव्हती, पण कोल्हापूरऐवजी गोवा ठरले असते, तर दर विचारण्याआधी त्याचीच चौकशी करावी लागली असती.

वाहतूकदाराच्या लेटरहेडवर घेतलेल्या पुष्टिपत्रात आम्ही पुढील मजकूर घालून घेतला होता : ‘वर नमूद क्रमांकाचीच गाडी देण्यात येईल. अपरिहार्य कारणाने गाडी बदलल्यास पर्यायी गाडी त्याच दर्जाची असेल व तिचे कागद निघण्याच्या आदल्या दिवशी सायंकाळी सहापर्यंत संघाकडे पाठवले जातील. ठरल्या वेळेपेक्षा दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास भाड्यातून दहा टक्के वजावट होईल.’ हे वाचून वाहतूकदार हसला होता आणि ‘काका, तुम्ही कोर्टात होतात का?’ असे त्याने विचारले होते. मी आयुष्यभर लेखापरीक्षण केले, एवढेच सांगितले.

सोमवार, 20 जानेवारीची पहाट. गाडीची वेळ साडेपाचची होती आणि ती पाच पंचविसाला आली. पण नंबर वेगळा होता. संक्रांत उलटून लग्नसराई सुरू झाली होती, आणि आमची गाडी आदल्या रात्रीच एका वऱ्हाडाला दिली गेली होती, हे नंतर कळले. आलेली गाडी बाहेरून चकचकीत होती. मी ॲपवर तिचा नंबर टाकला, तेव्हा फिटनेसची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपल्याचे दिसले. फोनवर वाहतूकदार म्हणाला, ‘पासिंग झालंय काका, फक्त ऑनलाइन दिसायचं बाकी आहे.’ मी प्रमाणपत्राचा फोटो पाठवायला सांगितला. तो आला नाही. दरम्यान चालकाशी बोलताना समजले की तो रात्री दोन वाजता शिर्डीहून परतला होता आणि गाडी धुऊन थेट इकडे आला होता. त्याने ते तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. रोजचीच गोष्ट असल्यासारखे सांगितले.

निर्णय त्या क्षणी घ्यायचा होता आणि तो एकमताने झाला नाही. थंडीत, डबे आणि औषधांच्या पिशव्या घेऊन 42 माणसे पदपथावर उभी होती. काहींनी सामान डिकीत चढवलेही होते. ‘एवढ्या गाड्या रोज धावतात, कोण बघतो फिटनेस?’ असा सूर निघाला, आणि तो निव्वळ चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण पुढे कुंभार्ली आणि आंबा असे दोन घाट होते, चालक रात्रभर झोपलेला नव्हता, आणि मुदत संपलेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती दावा अडवायला आयते कारण मिळाले असते. 15 एप्रिल 2023 रोजी जुन्या मुंबई–पुणे मार्गावर शिंग्रोबा मंदिराजवळ एका वादक पथकाची बस दरीत कोसळून 13 जण गेले, त्याची आठवण आमच्या एका सभासदाने करून दिली. त्या अपघाताचे कारण वेगळे असेल. तरीही ते स्थळनाव उच्चारल्यावर पदपथावरचा आवाज खाली आला. सामान उतरवून घेतले गेले.

दुसरी गाडी सव्वानऊला आली. ती वाहतूकदाराने दुसऱ्याकडून उचललेली होती, तिचा एसी आधीच्या गाडीइतका थंड नव्हता, पण कागद चोख होते आणि चालक घरून झोपून, स्वतःचा डबा घेऊन आला होता. चढण्यापूर्वी दोघा सभासदांनी आत फिरून पाहणी केली. मागच्या आपत्कालीन दाराला टेकवून क्लीनरच्या गाद्या आणि एक जुनी खुर्ची ठेवलेली होती. ती डिकीत हलवायला लावली. काच फोडायच्या चार हातोड्यांपैकी दोन जागेवर नव्हत्या, नुसत्या लाल क्लिपा आणि स्क्रू तेवढे उरले होते. क्लीनरने त्याबदली पान्याच्या पेटीतला मोठा पाना दाखवला. आम्ही तो मधल्या रांगेत खुर्चीखाली ठेवून घेतला. हे पाल्हाळ वाटू शकेल. परंतु 1 जुलै 2023 रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ जी बस पेटली, ती डाव्या बाजूवर उलटल्याने दारच खाली दबले होते आणि 25 माणसे आत अडकून गेली; जे वाचले ते काच फोडून बाहेर पडले. मोठ्या गाडीत चढायचा रस्ता एकच असतो, उतरायचा मात्र एकच असून चालत नाही.

गाडीची पहिली पायरी जमिनीपासून इतकी उंच होती की गुडघे बदललेल्या दोघांना ती चढवेना. हे आम्ही आधीच हेरले होते आणि एका सभासदाच्या घरचा पाटासारखा बुटका चौरंग बरोबर घेतला होता. चारही दिवस प्रत्येक थांब्यावर क्लीनर आधी चौरंग लावायचा आणि मग दार पूर्ण उघडायचा. एवढ्या एका वस्तूने प्रत्येक थांब्यावरची दहा मिनिटे वाचली असतील.

उशिराची किंमत पहिल्या दिवशी चुकवावी लागली. पाटणला जेवण होईपर्यंत सव्वा वाजून गेला, घाट उतरून चिपळूण गाठले तेव्हा चहाची वेळही टळली होती, आणि पुढे महामार्गाच्या रखडलेल्या चौपदरीकरणातून हळूहळू सरकत गणपतीपुळ्याला पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. मुद्दाम आखलेला समुद्रावरचा सूर्यास्त हुकला. मधुमेहींसाठी राजगिऱ्याच्या वड्या आणि शेंगदाणे हाताशी ठेवले होते, त्यांचा उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या आकाराचा मुद्दा पुन्हा वर आला. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला समुद्रालगतचा आरे-वारे मार्ग जवळचा आणि देखणा आहे. बुकिंगच्या वेळी वाहतूकदार ‘जाते की गाडी, सगळ्या जातात’ असे म्हणाला होता. चालकाने मात्र नकार दिला. चढउतार तीव्र, वळणे अवघड, आणि मागच्या चाकांपलीकडे जो लांब भाग आहे तो उताराच्या तळाशी जमिनीला घासेल, असे त्याने गाडीच्या मागे नेऊन, हाताने अंतर दाखवून समजावले. काही सभासद नाराज झाले. मला त्याचा नकार फार मोलाचा वाटला. आम्ही निवळीमार्गे लांबून गेलो. संघाने चालक आणि क्लीनर या दोघांसाठी निवासात स्वतंत्र खोली घेतली होती, रात्रीला 1,200 रुपये भाड्याची. एरवी चालक गाडीतच डास मारत रात्र काढतो आणि आपण सकाळी त्याच्या हाती 43 माणसांचा जीव सोपवतो, हा मला विचित्र व्यवहार वाटतो.

तिसरा दिवस सुरळीत गेला. कोल्हापुरात मोठी गाडी अंबाबाईच्या देवळापर्यंत जाऊ शकत नाही, हे गृहीत धरून चालू न शकणाऱ्यांसाठी रिक्षा ठरवल्या होत्या. कराडला राहणाऱ्या एका सभासदाच्या बहिणीला परतीच्या वाटेवर गाडीत बसायचे होते आणि दोन जागा रिकाम्याही होत्या. पण अशी गाडी कंत्राटी परवान्यावर चालते, आणि त्या परवान्यात करारातल्या माणसांखेरीज वाटेत कोणाला घ्यायची मुभा नसते. प्रवाशांची यादी निघण्यापूर्वीच दिलेली होती. आम्ही नकार दिला आणि संबंध थोडे बिघडले.

चौथ्या दिवशी खंबाटकीच्या बोगद्याजवळ कोंडी लागली. इथे करारातला आणखी एक मुद्दा डोळ्यांपुढे होता : भाड्याचा दिवस रात्री बाराला संपतो आणि त्यानंतर गाडी गॅरेजला पोचली, तर नवा दिवस सुरू होतो. नवा दिवस म्हणजे किमान 250 किलोमीटर, म्हणजे 16,500 रुपये. रांगेत गाडी इंचाइंचाने सरकत असताना पुढच्या खुर्चीवर बसून मी घड्याळ पाहत होतो. पुण्यात रात्री दहा वीसला पोचलो आणि गाडी सव्वाअकराला गॅरेजला लागली. चालकाने तिथून मीटरचा फोटो पाठवला. निघतानाच्या फोटोशी ताडता एकूण 912 किलोमीटर झाले होते. वाहतूकदाराने गॅरेजचे अंतर 40 ऐवजी 92 लावले होते, आणि त्यावर वाद घालायची तयारी मी केलीही होती; पण ते धरूनही बेरीज हजाराच्या आतच राहत होती, त्यामुळे त्या भांडणातून एक रुपयाही इकडचा तिकडे होणार नव्हता.

वजावटीवर मात्र बोलणे झाले. करारानुसार 6,600 रुपये कापायचे होते. दुसरी गाडी आणताना आपल्याला पदरचे पैसे घालावे लागले, असे वाहतूकदाराचे म्हणणे होते, आणि ते खोटे नसावे. आगाऊ 20,000 आणि निघताना 25,000 दिले होते. उरलेली रक्कम आमच्याकडेच असल्याने बोलणी बरोबरीच्या नात्याने झाली, नाहीतर अर्ज-विनंत्यांवर वेळ गेला असता. 5,000 वर तोडगा निघाला. भाडे 61,000, जीएसटी 3,050, टोल-पार्किंग 3,140 आणि चालकाच्या तीन रात्रींचे 3,600, असा एकूण खर्च 70,790 रुपये झाला. टोलच्या नोंदींत जाताना खेड-शिवापूर व आणेवाडी आणि येताना किणी, तासवडे, आणेवाडी व खेड-शिवापूर असे सहाच नाके हवेत, हे आम्ही ताडून पाहिले, तितकेच निघाले.

गाडीसाठी प्रत्येकी 1,800 प्रमाणे 77,400 रुपये जमले होते. उरलेल्या 6,610 मधून प्रत्येकी 150 परत केले आणि 160 रुपये शिल्लक राहिले. चौरंग डिकीतच राहून गेला होता. आठ दिवसांनी वाहतूकदाराने तो माणसाबरोबर परत पाठवला. त्याचा एक पाय निखळला होता, आणि तो बसवून घेण्यात ते 160 रुपये खर्ची पडले.